सत्तरी उलटल्यावर कॅनव्हास : एमिली काम उंग्वारे

गवती चहा

गेल्या जानेवारीत सासूबाई आमच्याकडे मेलबर्नला होत्या. एक दिवस पारा चाळिशीला टेकला, ट्रामला वेळ होता, म्हणून त्यांना घेऊन फेडरेशन स्क्वेअरच्या नॅशनल गॅलरीत शिरले. खरं सांगायचं तर एसीसाठी. प्रवेश फुकट, बसायला बाकं, बाथरूम स्वच्छ. कलाबिला काही डोक्यात नव्हती.

एका भिंतीवर ते चित्र होतं. काळ्यावर पांढऱ्या रेघा, बास. पण आठ मीटर रुंद आणि जवळजवळ तीन मीटर उंच. रेघा एकमेकींत शिरतात, वळतात, परत येतात. सुरुवात कुठे नि शेवट कुठे ते कळत नाही. मी सवयीने आधी पाटी वाचायला गेले. सासूबाई चित्रासमोरच थांबल्या. वाईजवळच्या गावात पन्नास वर्षं रोज दारात रांगोळी काढलेली बाई. जरा वेळाने म्हणाल्या, "हे बसून काढलंय गं."

"कशावरून?"

"हाताचा पल्ला बघ की. रेघ एवढीच जाते, मग बाई सरकलीय, पुन्हा तिथनं धरलीय. उभ्यानं काढलं असतं तर अशी कोपरातनं वळली नसती. आणि भिंतीवर तर नक्कीच नाही काढलेलं."

पाटीवर यातलं काही नव्हतं. घरी येऊन शोधाशोध केली तर आई बरोबर होत्या. कॅनव्हास जमिनीवर अंथरायचा, त्याच्यावरच बसायचं आणि सरकत सरकत काढत जायचं, अशी हे चित्र काढणाऱ्या बाईची पद्धत. त्यामुळे तिच्या कितीतरी चित्रांना वरची बाजू, खालची बाजू असं काही नसतंच. हे आठ मीटरचं चित्र तिने दोन दिवसांत केलं. साल १९९५, आणि वय पंच्याऐंशीच्या आसपास.

ही बाई म्हणजे एमिली काम उंग्वारे, ऑस्ट्रेलियातली आदिवासी चित्रकार. त्यानंतर मी तिच्यात जी अडकले ती अजून सुटले नाही, म्हणून फोरमवर हा धागा.

जन्म १९१०च्या सुमाराचा. 'सुमाराचा' कारण तेव्हा तिथे नोंद करायला कुणी नव्हतं. ॲलिस स्प्रिंग्जच्या ईशान्येला अडीचेकशे किलोमीटरवर, वाळवंटी भागातला अलाल्कर नावाचा तिचा मुलूख. जमात अन्माचेरे. पुढे गोऱ्यांनी तिथे गुरांसाठी मोठमोठी कुरणं आखली, तारा ठोकल्या आणि त्यातल्या एका कुरणाचं नाव ठेवलं 'युटोपिया'. (नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती की नव्हती, हे ठरवता येत नाही.) एमिलीने या कुरणांवर मजुरी केली, उंटांचे तांडे हाकले. बायकांच्या वाट्याला क्वचित येणारं काम. तिच्या नाकाच्या मधल्या पडद्याला आरपार भोक होतं. अलाल्करला एक खडक आहे, त्यालाही आरपार भोक आहे. तो खडक म्हणजे पूर्वज, त्याची ही खूण. आपल्याकडे नथीसाठी नाक टोचतात, इथे डोंगरासाठी टोचलेलं.

पेंटिंग मात्र आयुष्यात फार उशिरा आलं. १९७७ साली युटोपियात बायकांसाठी बाटिकचे वर्ग सुरू झाले. मेणाने रेशमावर नक्षी काढायची, रंगात बुडवायची, उकळून मेण काढायचं, पुन्हा मेण, पुन्हा रंग. एमिलीने दहा-अकरा वर्षं ते केलं. मग सोडलं, आणि का सोडलं ते तिने स्वतः सांगून ठेवलंय. सारखी चूल पेटवा, सारखं कापड उकळा, साबणाचा चुरा संपवत बसा, त्यात डोळे अधू झालेले. त्यापेक्षा रंगवणं बरं. कलासमीक्षकांनी या बदलावर पानंच्या पानं लिहिलीत. मला साबणाचं कारण पटतं.

१९८८-८९च्या उन्हाळ्यात एका आदिवासी संस्थेने युटोपियात शंभर कॅनव्हास आणि ॲक्रिलिक रंग वाटले. एमिलीने 'इमू वूमन' काढलं आणि सगळे तिच्याकडे बघायला लागले. १९९० साली पहिलं स्वतंत्र प्रदर्शन. १९९२ साली पंतप्रधान कीटिंग यांच्या हस्ते फेलोशिप. २ सप्टेंबर १९९६ला ती गेली. पुढच्याच वर्षी व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात ऑस्ट्रेलियाच्या दालनात जी तीन आदिवासी स्त्री-कलाकार होत्या त्यांतली ती एक. कॅनव्हासवरची सगळी कारकीर्द आठ वर्षांची. चित्रं सुमारे तीन हजार.

चित्रात काय आहे असं कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असे : सगळं. मग यादी. कंद, त्याचं बी, काटेरी सरडा, गवताचं बी, इमू, इमूला आवडणारं झुडूप, हिरव्या शेंगा. सगळं म्हणजे अलाल्कर. आठ वर्षं एकच गाव.

आता माझा प्रश्न. जगभर तिला 'ॲबस्ट्रॅक्ट' म्हणतात, पाश्चात्त्य नावांच्या रांगेत बसवतात. ती तर कंद काढत होती. मग ॲबस्ट्रॅक्ट कोण, ती की बघणारे?

(उच्चाराबद्दल : इंग्रजी स्पेलिंगच्या सुरुवातीला 'क' दिसतो, तो बोलत नाहीत. आणि हे आडनाव नव्हे. नात्यागोत्यातली तिची जागा आहे, तिच्यासारखे कित्येक उंग्वारे असतात. म्हणून मी सरळ एमिली म्हणते.)

स्पष्टवक्ता

लेख छान, सासूबाई तर त्याहून छान. पण धाग्याला कुणीतरी खडा लावायचाच, तर तो मी.

आठ वर्षं म्हणजे २९२० दिवस, चित्रं तीन हजार. रोज एकाहून जास्त. याला साधना म्हणायचं की उत्पादन? दुसरं, पाटीवर 'कंद' लिहिलं नसतं तर कुणाला कंद दिसला असता? मला फोटोत नूडल्स दिसल्या. आजीचं वय, वाळवंट, आदिवासी, ही गोष्टच इतकी मोठी आहे की चित्र तिच्या पाठीवर बसून जगभर फिरतंय असं वाटतं. दगड मारायला सुरुवात करा.

शेंगदाणा

दगड नाही, शेंगा मारतो.

तो कंद कुठला हे बघितलं का कुणी? इंग्रजीत पेन्सिल याम म्हणतात, पण तो सुरणाच्या किंवा कोनफळाच्या कुळातला नाही. शास्त्रीय नाव विग्ना लॅन्सिओलाटा. विग्ना म्हणजे आपले मूग, उडीद, चवळी, मटकी. आपल्या मिसळीतल्या मटकीची सख्खी चुलतबहीण आहे ती! जमिनीवर वेल पसरतो, पिवळी फुलं येतात, काही शेंगा वर लागतात आणि काही चक्क भुईमुगासारख्या जमिनीखाली. मुळं पेन्सिलीएवढी जाड, लांब, वाकडीतिकडी. तीच खायची, कच्ची किंवा गरम राखेत भाजून. अन्माचेरे भाषेत कंदाचं नाव अन्वर्लार, आणि त्याच्या बीला, शेंगेला म्हणतात 'काम'. म्हणजे एमिलीच्या नावातलं काम. बाईचं नावच मुळी 'मटकी' आहे म्हणा ना.

आता स्पष्टवक्ता यांच्या नूडल्सबद्दल. वेल वाळून गेला की वर काही दिसत नाही. पण खाली कंद पोसला की माती फुगते, भेगा पडतात. बायका भेग बघून खणतात. म्हणजे पांढऱ्या रेघा एकाच वेळी मुळं, वेल आणि भेगा असू शकतात. आमच्याकडे भुईमूग काढायच्या आधी शेतात गेलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. पाटी नसतानाही दिसलं असतं, फक्त बघणारा शेतातला हवा.

गवती चहा

शेंगदाणा, मटकी!! आईंना आत्ताच्या आत्ता फोन करते.

स्पष्टवक्ता, तुमचा आकडा बरोबर आहे आणि तो मलाही टोचतो. पण सगळी चित्रं आठ मीटरची नव्हेत, बरीचशी लहान आहेत. आणि 'उत्पादन' कुणाला हवं होतं, हा खरा प्रश्न. तिच्या दाराशी दलालांची रीघ असे. दार म्हणजे काय, ती राहायची उघड्यावर, कुत्र्यांच्या गराड्यात. एकाशी करार असा नव्हता. जो कॅनव्हास आणि रंग घेऊन येईल त्याच्यासाठी काढायची. आलेला पैसा तिच्याकडे थांबायचा नाही. नात्यात मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, आणि तिचं नातं म्हणजे अख्खा मुलूख. बाजार मात्र तिच्या माघारी फुगला. 'अर्थ्स क्रिएशन' हे तिचं १९९४चं चार कॅनव्हासचं चित्र २००७च्या लिलावात १० लाख ५६ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरला गेलं, आणि २०१७ साली तेच २१ लाखांना.

कोर्टाची पायरी

वरच्या शेवटच्या वाक्यावर माझं दुकान चालतं, म्हणून लिहिते.

चित्र एकदा विकलं की पुढच्या विक्रीतला नफा मालकाचा, चित्रकाराला शून्य, अशी बऱ्याच देशांतली रीत. ऑस्ट्रेलियात नेमक्या याच आदिवासी चित्रांवरून खूप ओरड झाली. २००७ साली सिनेटच्या समितीने या बाजाराची चौकशी करून अहवाल दिला आणि २००९ साली कायदा आला. २०१०पासून लागू. एक हजार डॉलर किंवा त्याहून जास्तीची फेरविक्री असेल तर पाच टक्के कलाकाराला, आणि कलाकार गेल्यावर सत्तर वर्षं वारसांना. त्यातही खाचाखोचा आहेत, पण आहे.

आणि आता बसा खाली : आपल्याकडे ही तरतूद त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. १९५७चा कॉपीराइट कायदा, कलम ५३-अ, १९९४च्या दुरुस्तीत आलेलं. मूळ चित्र दहा हजार रुपयांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा वारसाला वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत. मागता येतो म्हणजे कागदावर. माझ्या ओळखीतल्या एकाही चित्रकाराला हे कलम ठाऊक नव्हतं. वकिलांचंही फार वेगळं नाही.

डहाणूचा चिकू

मी वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही.

आमच्या वारल्यांत लग्नाला चौक लागतो. तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूची काडी चावून तिचा ब्रश करून, भिंतीवर. मधे पालघट देवी. चौक काढायचा तो सवाशिणींनी, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणार. चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे मुळात हे बायकांचं काम. सत्तरच्या दशकात कागद आला, शहरातून माणसं आली, आणि कागदावर नाव झालं ते बहुतेक पुरुषांचं. जिव्या सोमा म्हशे आमच्यासाठी मोठेच, २०११ची पद्मश्री, त्यांच्याबद्दल एक शब्द वाकडा नाही. पण माझ्या आजीने किती चौक काढले असतील? लग्न झालं, पुढच्या पावसाळ्यानंतर भिंत सारवली, चौक गेला. एकाचाही फोटो नाही.

एमिलीचं वाचताना हेच आठवलं. तिच्याकडेही आधी बायकांचीच विधी-चित्रं होती ना? अंगावर काढायची?

अवांतर : दोन वर्षांपूर्वी एका रिसॉर्टने आमच्या पाड्यातल्या मुलींकडून पाच भिंती रंगवून घेतल्या, जेवण आणि 'एक्स्पोजर' दिलं. एक्स्पोजर म्हणजे काय ते मुलींनी मला विचारलं. मी म्हटलं, ऊन लागणं.

गवती चहा

चिकू, शेवटच्या ओळीला साष्टांग.

हो, अगदी तसंच. त्याला अवेल्य म्हणतात. गेरू, पांढरी माती, कोळशाची पूड चरबीत कालवून बायका एकमेकींच्या छातीवर, दंडांवर रेघा ओढतात आणि त्या त्या जागेचं गाणं म्हणतात. एमिली अलाल्करच्या अवेल्यातली जाणती, तिच्या शब्दाला मान. हे ती लहानपणापासून करत आली होती. म्हणजे १९८८ साली ती नवखी नव्हतीच, सत्तर वर्षांचा सराव होता, फक्त अंगाऐवजी कॅनव्हास आला. धाग्याचं शीर्षकच माझं चुकलंय एका अर्थी. १९९३च्या पुढे तिची नुसत्या आडव्या-उभ्या पट्ट्यांची चित्रं आहेत, त्या पट्ट्या थेट छातीवरच्या रेघा आहेत. शहरी समीक्षकांना त्यात न्यूयॉर्कचं ॲबस्ट्रॅक्ट पेंटिंग दिसलं.

फरक असा की युटोपियात बाटिकपासूनच बायका पुढे होत्या, कॅनव्हास आले तेव्हाही त्यांची फळी तयार होती. तुमच्या आजीच्या बाबतीत कागद कुणाच्या हातात आधी पडला, सगळं तिथे ठरलं असावं.

जुनी वही

यात जमिनीची गोष्ट राहिली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

१९७६ साली नॉर्दर्न टेरिटरीतल्या आदिवासींच्या जमीनहक्काचा कायदा झाला. युटोपियाच्या लोकांनी दावा लावला, १९७९ साली सुनावणी. सातबारा नाही, खरेदीखत नाही, मग पुरावा काय? बायकांनी अवेल्य करून दाखवलं. ही जागा, हिचं हे गाणं, हिच्या ह्या रेघा, हे नाचणं. म्हणजे चित्र हाच उतारा. दावा ते जिंकले, आणि बाटिकचे पैसेही या लढ्याच्या कामी आले. त्या बायकांत एमिली होती.

आता पुन्हा त्या आठ मीटरच्या चित्राकडे बघा. मला ते आता चित्रापेक्षा दस्तऐवज वाटतं.

स्पष्टवक्ता

जुनी वही, हे माहीत नव्हतं. मुद्दा मान्य.

पण मग एक अडचण होते बरं का. ते जर उतारा असेल, विधी असेल, तर दलाल आला म्हणून रोज एक विकायचा कसा? देव्हाऱ्यातला टाक आपण रोज एक विकतो का? आणि नसेल, तर मग ते 'नुसतं' चित्र, आणि मला ते आवडलं नाही तर मी अडाणी ठरू नये. दोन्हीकडून टाळ्या घेता येणार नाहीत.

डहाणूचा चिकू

टाक नाही विकत. पण रांगोळी? लग्नाचा चौक आणि कागदावरचा चौक यांत आमच्यात फरक करतात. कागदावरचा काढला म्हणून लग्न लागत नाही. काय दाखवायचं, काय नाही, हे काढणाऱ्याला माहीत असतं. विकत घेणाऱ्याला नसतं, आणि ते बरंच आहे.

थेम्सकाठची

जुलै २०२५ ते जानेवारी २०२६ लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये तिचं मोठं प्रदर्शन होतं, मी दोनदा गेले. आदल्या वर्षी कॅनबेराला झालेलं तेच पुढे इकडे आलं. नावाचं स्पेलिंगही आता अन्माचेरे लोकांनी ठरवलेल्या पद्धतीने लिहितात, जुन्या पुस्तकांत वेगळं दिसेल.

माझा प्रामाणिक अनुभव : पहिल्या खेपेला ठिपक्यांची चित्रं बघून कंटाळा आला. दुसऱ्या खेपेला गर्दी नव्हती, म्हणून अगदी जवळ गेले. ठिपका म्हणजे आपण टिकली लावतो तसा नाही. झिजलेला जाड ब्रश रंगात बुचकळून दणादण आपटलेला. एका ठिपक्यात दोन-तीन रंग, कडा फाटलेल्या, खालचा ओला थर वरच्यात मिसळलेला. पिवळ्याखाली लाल, लालखाली काळं. लांबून बघताना जे सारखं वाटतं त्यात जवळून दोन ठिपके एकसारखे सापडेनात.

स्पष्टवक्ता, नाही आवडलं तर अडाणी कशाला? पण एकदा नाक लावून बघा. आणि तिची शेवटची चोवीस लहान चित्रं शोधा, मरणाआधीच्या काही आठवड्यांतली. भिंतीला अस्तर मारतात तसला रुंद ब्रश घेतला. ठिपके गेले, रेघा गेल्या. निळ्या, गुलाबी, पांढऱ्या रंगाचे नुसते फटकारे. मी ती अजून पुस्तकातच पाहिलीत.

पिठलंभाकरी

वाचनखुणेसाठी जागा राखून ठेवते. एक शंका : एमिलीनंतर कोण? की सगळं तिच्यापाशीच थांबलं?

गवती चहा

पिठलंभाकरी, थांबलं कुठे. नात्याने भाची लागणारी ग्लोरिया पेत्यार हिला १९९९ साली विन प्राइज मिळालं, निसर्गचित्राचा इथला मानाचा पुरस्कार, आणि तो मिळवणारी ती पहिली आदिवासी कलाकार. तिची चित्रं म्हणजे नुसती औषधी झाडांची पानं, वाऱ्यावर उडणारी.

पण मला जास्त लागते ती बार्बरा वियरची गोष्ट. आई अन्माचेरे, बाप गोरा. अशी मुलं सरकार उचलून न्यायचं, आईबापांना न विचारता. बार्बराला लपवून सांभाळणाऱ्यांत एमिली होती, अंगाखांद्यावर वाढवलेली पोर. नऊएक वर्षांची असताना तिला नेलंच. आई मिनी पुर्लाला वाटलं मुलगी मेली. बार्बरा मोठी झाल्यावर शोधत परत आली तेव्हा तिला आपली भाषा येत नव्हती. पुढे तीही चित्रकार झाली, आणि तिच्या नादाने खुद्द मिनीने ब्रश धरला, ऐंशीच्या घरात! मिनी २००६ साली गेली. तेवढ्या पाच-सहा वर्षांत तीही एमिलीसारखीच सुसाट.

एक राहिलं. त्या लोकांत माणूस वारला की त्याचं नाव बराच काळ उच्चारत नाहीत. एमिलीचे लोक आता प्रदर्शनात तिचं नाव लावू देतात, म्हणून मी लिहिलं. तरी तिचा फोटो मुद्दाम डकवला नाही.

शेंगदाणा

फोन झाला का? मटकीवर सासूबाई काय म्हणाल्या?

गवती चहा

झाला. मटकीचं ऐकून म्हणाल्या, "मग उगाच नाही तसं वाटलं." कसं वाटलं ते काही सांगितलं नाही.

लिलावाचा आकडा सांगितला. रुपयांत किती होतात ते विचारलं आणि गप्प बसल्या. मग वय विचारलं. म्हटलं, पंच्याऐंशीच्या पुढे-मागे असेल, सलग दोन दिवस, जमिनीवर बसून.

"आणि गुडघे?"

"गुडघ्यांचं कुठे लिहिलेलं नाही, आई."

"तेच तर लिहायला पाहिजे."

स्पष्टवक्ता

गुडघ्यांपुढे आपण काही बोलत नाही. मार्चमध्ये मुलीकडे मेलबर्नला येतोय. ती गॅलरी सोमवारी उघडी असते का?